डबा रिकामा जाऊ नये म्हणून

प्रभादेवी,
२७ डिसेंबर

सौ. कालिंदीताईंना
नलूचा नमस्कार.

तुमच्या ध्रुवचं आणि माझ्या आरोहीचं लग्न होऊन इतकी वर्षं झाली आणि विहिणीने विहिणीला पहिलं पत्र लिहावं ते असल्या कारणासाठी. फोन केला असता. पण काल केला तेव्हा तुमच्या कानांमुळे माझं निम्मं बोलणं तुम्हाला ऐकू आलं नाही आणि उरलेलं तुमच्या अख्ख्या मजल्याने ऐकलं. शेवटी तुम्हीच म्हणालात, "काय असेल ते लिहून पाठवा, ध्रुव येतोच आहे." माझा पाय प्लास्टरमध्ये नसता तर टॅक्सी करून तुमच्यासमोर येऊन बसले असते. आता ध्रुव हाच आपला पोस्टमन. परळला हॉस्पिटलात जाता-येता तो तुमचा डबा नेतो, माझाही नेतो. त्या पिशवीत एक कागद त्याला जड होणार नाही.

आज डॉक्टरीणबाईंनी दोघांना बसवून सांगितलं. ध्रुव तुमच्याशी सगळं गोड करून बोलतो, म्हणून मी सरळ लिहिते. आपल्या मनूच्या रक्तात जंतू सापडलाय. पाठीतून पाणी काढलं होतं, त्यातही तोच आहे. म्हणजे मेंदूच्या आवरणापर्यंत पोचलाय. तो दूध ओढेनासा झाला, अंग गार पडलं, ते थंडीने नव्हतं. आपण मात्र त्याला दुपट्यावर दुपटी गुंडाळत बसलो. औषध शिरेतून चालू आहे, तीन आठवडे तरी द्यावं लागेल. "बरा होईल ना?" असं आरोहीने विचारलं, तर बाई म्हणाल्या, "आम्ही प्रयत्न करतोय." हे वाक्य मला अजिबात आवडलेलं नाही.

आता मुख्य काम. हा जंतू क्वचित दिसतो, पण इतक्या लहान बाळात दिसला की डॉक्टर आधी पावडरच्या दुधाचं विचारतात. मनू महिनाभर आधी जन्मला, आरोहीला दूध पुरेना, म्हणून त्यांनीच पावडर लिहून दिली होती. तो पत्र्याचा डबा त्यांना हवाय. आहे तसा, न धुता, झाकण लावून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून उद्या ध्रुवजवळ द्या. तळाशी बॅचचा नंबर असतो. पावडरीतच दोष निघाला तर त्या नंबरावरून बाजारातले बाकीचे डबे काढून घेता येतात.

पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. मी मेली नेमकी तेव्हाच बाथरूममध्ये घसरले, आणि तुमच्यावर सगळा भार पडला. ते मनाला लागून राहिलंय. डब्याचं विसरू नका.

तुमची
नलू

*

गिरगाव,
२८ डिसेंबर, सकाळ

सौ. नलूताई यांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र ध्रुवने चहाबरोबर दिलं. वाचून होईपर्यंत चहा गार झाला.

तुम्ही स्पष्ट लिहिलं नाहीत, पण मला अर्थ कळतो. माझ्या घरात मूल आजारी पडलं. नलूताई, मनूच्या बाटल्या मी स्वतः उकळत होते, रखमाला हात लावू दिला नाही. पाणी खळखळून उकळायचं, थर्मासमध्ये भरायचं, चांगलं कोमट झालं की मनगटावर थेंब टाकून बघायचं आणि मगच पावडर घालायची. ध्रुवला मी असंच वाढवलं. विमा कंपनीत नोकरी करून, दोन्ही वेळा घरी येऊन, कधी त्याला साधं पोट बिघडलेलं आठवत नाही.

पत्र्याचा डबा मात्र आता घरात नाही. रखमाने कचऱ्यात टाकला असावा, तिला विचारते. पावडरही संपतच आली होती. तेव्हा डॉक्टरांना म्हणावं, डबा मिळण्यासारखा नाही.

आणि तपासायचंच तर सगळंच तपासावं. तुमच्याकडून बाळगुटीची पुरचुंडी आली होती. ते वेखंड, ती हळकुंडं कुठल्या दुकानातली, कधीची, हे मला ठाऊक नाही. त्याबद्दल डॉक्टरांना कुणी सांगितलं का?

ध्रुवचे अण्णा देवापुढून उठत नाहीत. वाडीत नाताळची धामधूम आहे. समोरच्या जेन बाप्टिस्टकडून तळलेल्या गोड कुलकुलांचा डबा आला होता, कुणी तोंडात घातलं नाही. ध्रुवच्या डब्यात मेथीची भाजी आहे, आरोहीला दोन घास खायला लावा म्हणावं.

आपली
कालिंदी आगाशे

*

प्रभादेवी,
२८ डिसेंबर, संध्याकाळ

कालिंदीताई,

आधी राग गिळा, मग पुढचं वाचा. तुमच्या घरात जमिनीवर सांडलेलं उचलून खावं इतकी स्वच्छता आहे. लग्न ठरवायला आले होते तेव्हाच मी ते पाहिलं, आणि घरी येऊन माझ्या ओट्याकडे बघून मला रडू आलं होतं. तुमच्यावर बोट ठेवायला मी काही कागद खर्च करत नाही.

गुटीचं म्हणाल तर आरोहीने ती दिलीच नाही. पुरचुंडी तिच्या बॅगेत तशीच आहे. तीही तपासायला द्यायला सांगितलंय मी. झालं समाधान?

डॉक्टरीणबाईंनी आज आरोहीला नीट समजावलं, तिने मला फोनवर. सीलबंद डब्यातली पावडरही निर्जंतुक नसते म्हणे. हा जंतू कोरड्या पावडरीत महिनोन् महिने दबा धरून राहू शकतो. कारखान्यातूनच येतो, नाहीतर डबा उघडल्यावर चमच्याने, हाताने, दुसऱ्या भांड्याने जातो. तुम्हाआम्हाला काही होत नाही, पण दिवस न भरलेल्या बाळाला पुरतो. आणि ते कोमट पाणीच चुकतं. पाणी चांगलं कढत असतानाच पावडर घालायची, म्हणजे जंतू मरतो, आणि मग बाटली गार पाण्यात धरून निववायची. कोमट पाण्यात तो उलट सुखाने वाढतो. हे मला तरी कुठे माहीत होतं? मीही मनगटावर थेंब टाकूनच आरोहीला मोठी केली. तेव्हा तुम्ही चुकलात तर मीही तशीच चुकले असते.

आता एक विचारते. आरोही म्हणते, पावडर स्टीलच्या डब्यात होती, तुमचं नाव घातलेल्या. आणि मनूला हॉस्पिटलात आणलं तेव्हा अर्ध्याहून जास्त शिल्लक होती. तुम्ही लिहिता, संपत आली होती. दोघींपैकी एकीचं खरं. पत्र्याचा डबा गेला तर गेला. तो स्टीलचा डबा द्या, आतल्या पावडरीसकट. आणि पत्र्याचा डबा चांगला झाकणाचा असताना पावडर काढून ठेवायची गरज का पडली, तेही लिहा.

आज दुपारी मनूला झटका आला. डावा हात आणि पाय. आरोही काचेबाहेर उभी होती. तिने मला फोन लावला आणि मी नुसती तिच्या श्वासाचा आवाज ऐकत बसले.

नलू

*

गिरगाव,
२९ डिसेंबर, सकाळ

नलूताई,

काल मी तुम्हाला खोटं लिहिलं. पावडर अर्ध्याहून जास्त होती.

सटवाईच्या पूजेला बायका यायच्या होत्या. कांतावन्सं येणार होत्या. त्यांचं तोंड तुम्ही लग्नात पाहिलंय. आगाश्यांच्या घरात आजवर कुणा सुनेचं दूध कमी पडलं नाही, हे त्या मला माझ्या बाळंतपणापासून ऐकवतात. तो पत्र्याचा डबा ओट्यावर होता, लांबून वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरांचा. मनात आलं, या आत पाणी प्यायला येणार, बघणार, आणि मग बाराव्या दिवसापर्यंत साऱ्या गिरगावात आरोहीचं नाव होणार. मी पावडर स्टीलच्या डब्यात ओतली, रवा-साखरेच्या रांगेत ठेवली आणि पत्र्याचा डबा वर्तमानपत्रात गुंडाळून रखमाला खाली टाकायला दिला. आरोहीला सांगितलं, मुंग्या लागतात म्हणून. बायका आल्या तेव्हा तिला पडद्याआड बसवलं आणि बाहेर म्हटलं, मूल अंगावर घेतलंय. ती आत बाटलीने पाजत होती. पडदा सारताना तिने माझ्याकडे पाहिलं, ते अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

आता तो स्टीलचा डबा. तो घासून मांडणीवर गेला. पावडर त्यात नाही. ती जेनकडे आहे.

जेनच्या आणि माझ्या घरात वर्षानुवर्षं डबे जातात येतात. दिवाळीत माझा चकल्यांचा, नाताळात तिचा कुलकुलांचा. परत जाताना रिकामा कधी गेला नाही. काही नसलं तर मूठभर साखर. मनूला परळला नेल्यापासून घरात धड स्वयंपाक नाही. परवाच्या दिवशी जेनचा डबा परत करायचा म्हणून साखर काढायला गेले आणि शेजारी पावडर दिसली. मनूला आता तिथलंच दूध, ही पडून वाया जाणार. जेनच्या मेगनला वसईला मुलगी झालीय, महिन्याचीही नाही. जेन मला जिन्यात उभी राहून, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर म्हणाली होती, "मेगनला दूध पुरत नाय गं, पावडर देतो आम्ही." इतकं सहज! मला तिचा हेवा वाटला, नलूताई. मी सगळी पावडर तिच्या डब्यात भरली आणि "मेगनच्या बाळाला" म्हणून हातात दिली. खूप दिवसांनी जरा हलकं वाटलं. तेव्हा मला काहीच माहीत नव्हतं.

डबा जेनकडेच असेल. ती नव्या वर्षाला वसईला जाते, त्याआधी नाही. पण पावडरीतच जंतू आहे असं अजून पक्कं कुठे झालंय? खात्री नसताना जाऊन काय सांगू? तिच्याकडे पाहुणे आहेत. वाडीत एका घरात बोललेलं दुसऱ्या घरात आधी पोचतं. आरोहीचं दूध, माझा खोटेपणा, सगळं चव्हाट्यावर येईल. रिपोर्ट येऊ दे, मग मी स्वतः जाईन. तोवर ध्रुवला काही सांगू नका, एवढी विनंती आहे.

कालिंदी

*

प्रभादेवी,
२९ डिसेंबर

कालिंदीताई,

ध्रुव दारात उभा आहे. त्याला वाटतंय मी बाजाराची यादी लिहितेय. हॉस्पिटलात जायच्या आधी त्याला उलटा गिरगावला पाठवतेय, आईला लगेच द्यायचं औषध आहे असं सांगून.

हे वाचून झालं की चष्मा काढायच्या आधी जेनकडे जा.

कसली खात्री? रिपोर्टाला दिवस लागतात. बाटली भरायला किती वेळ लागतो ते तुम्हाला माहीत आहे. पावडर चांगली निघाली तर जेन तुम्हाला वेडी म्हणेल, म्हणू दे. आणि वाईट असली तर? काचेपलीकडे आज आपला मनू आहे. त्या काचेशी मेगनला उभी करायची आहे का तुम्हाला? तिच्या घरी तर तिला कुणी पडद्याआड लपवूनही ठेवलेलं नाही.

मी ध्रुवला आत्ता, या क्षणी सांगू शकते. मग तो जाईल जेनकडे, आणि तुम्ही आयुष्यभर त्याच्यापुढे मान खाली घालून बसाल. म्हणून तुम्हीच जायचंय. पण तुम्ही गेल्याचा निरोप हाच ध्रुव हॉस्पिटलातून मला फोनवर देणार आहे. नाही आला, तर मी त्याला सगळं सांगणार. तुमची विनंती मी एवढीच पाळते, याहून जास्त नाही.

कांतावन्संना खुशाल माझ्याकडे पाठवा. माझा एक पाय मोडलाय, तोंड शाबूत आहे.

जा हो. उठा.

नलू

*

गिरगाव,
३१ डिसेंबर

नलूताई,

चष्मा काढला नाही. नेसल्या साडीनिशी तशीच उतरले. ध्रुव "आई, कुठे?" म्हणत मागे आला.

जेन ओट्याशी केकची भांडी पुसत होती. मला बघून म्हणाली, "कालिंदी, काय झालं गं? बाळ बरं हाय ना?" मी म्हटलं, "परवा दिलेली पावडर दे." ती म्हणाली, "ती गेली की. ऑस्टिन आज सकाळीच गेला वसईला, बहिणीकडे. केक न्यायचा होता, म्हटलं डबा पण ने."

आज सकाळीच, नलूताई. तुमचं पहिलं पत्र आलं त्या सकाळी डबा जेनच्या फडताळात होता. माझ्या जिन्यापासून वीसेक पावलांवर. मी तेव्हा तुम्हाला गुटीबद्दल लिहीत बसले होते.

मी तिला सांगितलं. उभ्याउभ्याच, कसं बोलले ते आठवत नाही. तिने मेगनला फोन लावला, उचलला नाही. पुन्हा लावला. घरात रेंज जाते म्हणून आम्ही बाहेर वाडीच्या मधोमध आलो, जिथे त्यांनी चांदणी टांगली आहे. फोन लागला आणि जेनला बोलता येईना. तिने तो माझ्या हातात कोंबला. "तू बोल, मला नाय जमत."

मला पलीकडचं काही ऐकू येत नव्हतं. म्हणून मी ओरडले. "मेगन, ती पावडर देऊ नकोस! आमचा मनू ती पिऊनच आजारी पडलाय! वरचं दूध होतं त्याला, त्या पावडरीचं! फेकूही नकोस, नुसती बंद करून ठेव, देऊ नकोस!" ती काय म्हणतेय ते कळेना, म्हणून मी थांबलेच नाही. तेच तेच ओरडत राहिले. सगळ्या गॅलऱ्या भरल्या. वर माझ्या दारात कांतावन्सं उभ्या होत्या, मनूची चौकशी करायला आल्या होत्या. ऐकलं त्यांनी सगळं.

मग जेनने फोन काढून स्वतःच्या कानाला लावला. मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. मला दुसरं साधनच नव्हतं. आधी तिचा चेहरा सैल पडला, मला वाटलं सुटलो. मग ओठ आवळले. फोन बंद करून ती म्हणाली, "दोनदा दिलंय."

ध्रुवने तिथूनच डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, मुलगी खेळती असली तरी लगेच घेऊन या, देखरेखीखाली ठेवू. पावडर तशीच बंद करून आणा. जेनने चपला घातल्या. जाताना मला विचारलं, "तुला कधीपासून माहीत?" मी म्हटलं, "काल सकाळपासून." ती माझ्याकडे बघत राहिली आणि गेली. मला चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

ध्रुवला मी सगळं सांगितलं, पडद्यासकट. तो पायरीवर बसला. मग म्हणाला, "आई, आरोहीला तू सांग." मी सांगेन. काल गेले होते, पण ती झोपली होती. परळला बाकावर मी आणि जेन शेजारी शेजारी बसलो होतो. मध्ये तिची पर्स होती.

कालिंदी

*

प्रभादेवी,
५ जानेवारी

कालिंदीताई,

इतके दिवस लिहिलं नाही, कारण काय लिहावं ते कळत नव्हतं. तो एक दिवस गेला तो गेला. मी तो पुसून देऊ शकत नाही, आणि गोड बोलून तुम्हाला फसवणारही नाही. जेनचा राग तिच्यापाशी राहू दे. तो तिचा हक्क आहे.

पण तुम्ही ओरडलात. ध्रुव म्हणतो, आवाज चर्नी रोडपर्यंत गेला असेल. हे आरोहीने ऐकलं आणि ती हसली, मूल आजारी असलेल्या आईसारखी नाही, माझी पूर्वीची आरोही हसायची तशी. मग रडली. तुम्ही तिला पडद्याचं सांगितलंत तेही मला म्हणाली. "सासूबाई माझ्यासमोर बसून रडल्या आई, मला काय करावं कळेना, मी त्यांना पाणी दिलं." ती मनात ठेवणारी मुलगी नाही, पण लगेच विसरणारीही नाही. थोडा वेळ द्या.

आता मीही एक सांगते. तुमचं ते पडद्याचं पत्र वाचून आधी मला बरं वाटलं होतं. मुलगी माझ्याकडे असती तर असं झालं नसतं, असं. दोन दिवस मी त्या आनंदात होते. मग आठवलं, त्या पावडरीची कंपनी मीच ध्रुवला फोनवर सांगितली होती, आमच्या शाळेतल्या बाई म्हणाल्या म्हणून. तेव्हा आपण दोघी एकाच बाकावर.

मेगनच्या मुलीचे पहिले रिपोर्ट चांगले आले. दूध पिते, रडते, नर्सला लाथा मारते. अजून काही दिवस नजर ठेवणार. मनूला झटका आलेला नाही. नळीतून दूध देतात, दूधपेढीतलं, कुठल्या कुठल्या आयांनी दिलेलं. आरोहीलाही थोडं थोडं येऊ लागलंय. मी दिवसभर खिडकीत बसते आणि फोन वाजला की आधी देवाचं नाव घेते, मग उचलते. हे प्लास्टर दाताने कुरतडून काढावंसं वाटतं.

नलू

*

गिरगाव,
२४ जानेवारी

नलूताई,

मनू घरी आला. तुम्ही फोनवर त्याचं रडणं ऐकलंतच. मी ते त्याच्या तोंडावरून ओळखते.

पावडरीचा रिपोर्ट आला. तोच जंतू निघाला. डॉक्टरीणबाईंना मी विचारलं, कारखान्यातून आला की माझ्या डब्यातून? त्या म्हणाल्या, "आता सांगता येणार नाही, आजी. बंद डबा असता, निदान त्याचा नंबर असता, तर शोध घेता आला असता." औषध खात्याला त्यांनी कळवलंय, पण नंबराच्या जागी रेघ मारून. बिल आम्ही घेतलं नव्हतं. दुकानदार म्हणतो, तसे डबे कितीतरी गेले. त्याच वेळी भरलेला एखादा डबा आज कुणाच्या ओट्यावर आहे का, कुणाच्या बाळाला त्यातलं पाजतायत का, मला माहीत नाही. तेवढं एक माझ्या हातात होतं, आणि मी ते वर्तमानपत्रात गुंडाळून फेकलं. हे आता मला जन्मभर पुरेल.

मेगनची मुलगी सुखरूप आहे. जेन काल मनूला बघायला वर आली. माझा दिवाळीतला डबा तिच्याकडे राहिला होता, तो तिने ओट्यावर ठेवला. रिकामा. मी चहा टाकला. तो मात्र ती पूर्ण प्यायली.

मनूला अजून थोडं वरचं दूध लागतं. नवा डबा ओट्यावर अगदी पुढे ठेवलाय, अक्षरं दाराकडे करून. पाणी कढत घेते, बाटली नळाखाली निववते, उरलेलं ओतून देते. परवा कांतावन्सं आल्या, डब्याकडे बघून "अजून देता का हे?" म्हणाल्या. मी म्हटलं, "हो, पुरत नाही तिला. नंबर तळाशी आहे, वाचायचा असला तर वाचा." आरोही पाळण्याशी होती. ती तिथेच, सगळ्यांदेखत, बाटली घेऊन बसली.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, या आजारात कधी कधी मुलाच्या कानावर परिणाम राहतो. पहिली तपासणी झाली, त्यात नीट कळलं नाही. पुन्हा करायची आहे. तोवर घरात लक्ष ठेवा म्हणाल्या. भांडं पडलं, दार आपटलं, तर दचकतो का, आवाजाकडे डोळे वळवतो का बघा.

ध्रुव ऑफिसला जातो. आरोही दमून डुलक्या घेते. मी दिवसभर पाळण्याशी बसून असते. काल तो एकदम दचकला, दोन्ही हात वर फेकले. मी धावत आरोहीला विचारायला गेले, काही वाजलं का म्हणून. ती झोपेत होती. मग मीच ताटली टाकून पाहिली. तो हलला नाही. पण ताटली किती जोरात वाजली, वाजली तरी का, ते मला कळलं नाही, नलूताई. त्याला ऐकू आलं की नाही हे मी कशावरून सांगू? मला भीती वाटते. तो माझ्यासारखा व्हायला नको.

तुमचं प्लास्टर मंगळवारी निघतंय ना? मग तुम्ही या. आठ दिवस नाही, चांगल्या महिनाभर राहायला या. बारसं तुम्ही आल्यावर. जिना चढवायला ध्रुव आहे, आणि मी जेनला विचारीन, ऑस्टिनलाही पाठव म्हणून. बाजूची खोली झाडून ठेवली आहे.

कालिंदी

*

प्रभादेवी,
२५ जानेवारी

कालिंदीताई,

मंगळवारी प्लास्टर काढलं की तिथूनच येते. ओट्याच्या बाबतीत तुम्ही मला बोलायचं नाही, हे आधीच ठरवून घेऊ.

भांडी टाकून त्याला उगाच घाबरवू नका. टाळी मी वाजवते. तुम्ही त्याच्या तोंडाकडे बघा.

नलू